पट्ट्यांचे रोमन आणि उघडे गॉल: गेममधल्या प्राचीन फौजा किती खऱ्या?

रोमन आणि केल्टिक फौजांवरचे बरेच प्रश्न साठले होते, ते या वेळी एकत्र घेतले आहेत. (केल्ट म्हणजे रोमच्या उत्तरेकडच्या अनेक टोळ्या; गॉल हे त्यांतले आजच्या फ्रान्सच्या भागातले.) बहुतेकांचा रोख 2004 च्या 'रोम: टोटल वॉर'वर आहे. गेम जुना झाला तरी आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीच्या डोक्यातला रोमन सैनिक त्यानेच घडवला, म्हणून उत्तरंही मुख्यतः त्याच्याच अनुषंगाने दिली आहेत.

प्रश्न: गेममध्ये माझे लिजनरी (रोमन पायदळ सैनिक) आडव्या लोखंडी पट्ट्यांचं चिलखत घालून गॉलवर चालून जातात. मित्र म्हणतो, सीझरच्या काळी असं चिलखत नव्हतंच. खरं काय? (पुणे)

मित्राचं बरोबर आहे. सीझर गॉलमध्ये लढला तो इ.स.पू. 58 ते 50 या काळात. पट्ट्यांच्या चिलखताचे सर्वांत जुने तुकडे जर्मनीतल्या डांगश्टेटनच्या रोमन छावणीत सापडले, आणि ते सीझरच्या खुनानंतर तीसेक वर्षांनी तिथे पडलेले आहेत. इ.स. 9 मध्ये रोमनांचा दारुण पराभव झाला त्या काल्क्रीझच्या रणभूमीवर तर 2018 मध्ये असं जवळजवळ अख्खं चिलखत मिळालं. म्हणजे हा ऑगस्टसच्या आणि त्यानंतरच्या काळातला पोशाख. सीझरचा सैनिक लोखंडी कड्या एकमेकींत ओवून केलेलं जाळीचं चिलखत घालायचा.

पण मला यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हे जाळीचं चिलखत रोमनांनी गॉल लोकांकडून घेतलं. व्हॅरो हा रोमन विद्वान स्वतःच तसं लिहून गेला आहे, आणि पुरातत्त्वही तिकडेच बोट दाखवतं. रोमानियात चुमेश्त इथे इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका केल्टिक योद्ध्याच्या थडग्यात अशा चिलखताचे अवशेष निघाले, सोबत माथ्यावर धातूचा पक्षी बसवलेलं शिरस्त्राण. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या कर्कबर्नलाही त्याच सुमाराचं चिलखत मिळालं आहे. पुढे रोमन सैन्यात रुळलेली शिरस्त्राणंही गॉल कारागिरांच्या घडणीतूनच आलेली, आणि आखूड तलवार स्पेनची.

तेव्हा सीझरच्या सैनिकासमोर एखादा गॉल सरदार उभा केला असता, तर दोघांच्या अंगावरच्या सामानात फार फरक दिसला नसता. फरक होता तो हे सामान किती जणांना मिळत होतं याचा. गॉलमध्ये चिलखत सरदार आणि त्याच्या खास माणसांपुरतं, मागच्या शेतकऱ्याच्या हाती ढाल आणि भाला. रोमन बाजूला रांगेतल्या साध्या सैनिकाच्याही अंगावर ते असे. गेमने हा फरक दाखवायला हवा होता. तो सोडून त्याने एका बाजूला लोखंड दिलं आणि दुसऱ्या बाजूला उघडी छाती.

प्रश्न: उघड्याने लढणारे गॉल, लढणारे ड्रुइड (केल्टिक पुजारी), मुंडकी फेकणारे ब्रिटन. यातलं काही खरं आहे का, की सगळंच बनावट? (नागपूर)

या तीन गोष्टी एका दावणीला बांधू नका.

उघड्याने लढणाऱ्यांचं वर्णन खरं आहे, आणि त्यातलं सर्वांत सविस्तर वर्णन एका ठरावीक लढाईतलं आहे. इ.स.पू. 225 मध्ये इटलीत टेलामॉनजवळ एक मोठी केल्टिक फौज दोन रोमन सैन्यांच्या कचाट्यात सापडली. तिच्यात गेसाती नावाचे लढवय्ये होते. ते आल्प्सपलीकडून, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून पैसे मोजून आणलेले. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की हे गेसाती कपडे उतरवून सगळ्यांत पुढे उभे राहिले. त्यांच्या बरोबरीने लढणाऱ्या इन्सुब्रेस आणि बोई या केल्टिक टोळ्या मात्र विजारी आणि हलके डगले घालून होत्या. रोमनांनी भाल्यांचा मारा सुरू केला तेव्हा उघड्या माणसांचे फार हाल झाले, कारण गॉल ढाल सगळं अंग झाकत नव्हती. गेमने हे गेसाती उचलले, त्यांचं नाव पुसलं आणि सरसकट गॉल लोकांना वेडेपिसे उघडे योद्धे देऊन टाकले.

त्याच लढाईचा उरलेला भाग मात्र गेममध्ये कुठेच उतरला नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. दोन्हीकडून शत्रू येतो आहे हे कळल्यावर त्या फौजेने पाठीला पाठ लावून दोन आघाड्या उभ्या केल्या. गाड्या आणि रथ बाजूंना लावले, लूट जवळच्या टेकडीवर हलवून तिथे पहारा बसवला. लढाईत गायस अतिलियस हा रोमन कॉन्सुल (सर्वोच्च अधिकारी आणि सेनापती) पडला आणि त्याचं शिर केल्टिक राजांकडे पोचलं. शेवटी केल्ट हरले, पण पॉलिबियस स्वच्छ लिहितो की हिमतीत ते रोमनांच्या बरोबरीचे होते, उणे पडले ते फक्त शस्त्रांत. हजारोंच्या फौजेला ऐनवेळी पाठीला पाठ लावून उभं करायचं, तर हुकूम ऐकणारी माणसं लागतात. नुसत्या आरडाओरड करणाऱ्या झुंडीला ते जमत नाही.

आता ड्रुइड. सीझरच्या लेखनात सरळ उल्लेख आहे की ड्रुइडांना लढाई माफ होती आणि करही माफ होता. ते तंटे सोडवायचे, धर्मकृत्यं पाहायचे आणि काही जण वीस वीस वर्षं पाठांतरात घालवायचे. हातात शस्त्र देऊन त्यांची युनिट करणं हे साफ चूक आहे.

मुंडक्यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. शत्रूचं शिर कापून नेण्याची चाल होती, यात शंका नाही. दक्षिण फ्रान्समध्ये रोकपेर्त्यूझ इथल्या दगडी खांबांत कवट्या ठेवण्याचे कोनाडे आहेत, आणि उत्तरेकडे रिबमाँला शिर नसलेल्या कित्येक योद्ध्यांचे सांगाडे निघाले. ग्रीक लेखक सांगतात की नामांकित शत्रूचं शिर देवदाराच्या तेलात जपलं जाई, पाहुण्यांना दाखवलं जाई, आणि त्याच्या वजनाइतकं सोनं देऊ केलं तरी काही घराणी ते सोडत नसत. इतकी मोलाची वस्तू कोण शत्रूच्या अंगावर फेकेल?

जाता जाता आणखी एक. ढालींचं कासव करण्याचं बटण गेममध्ये फक्त रोमनांना मिळतं. सीझरच्याच वृत्तांतात इ.स.पू. 57 मध्ये उत्तर गॉलमधले बेल्गी लोक बिब्राक्स या गावावर हल्ला करतात ते ढालींचं छत करून, आणि गॉलही असेच हल्ले करतात असं तो तिथेच नोंदवतो. त्याच्या आदल्या वर्षी हेल्वेती ही केल्टिक टोळी त्याच्यावर चालून आली ती दाट फळी करून. रोमन भाल्यांनी एकमेकींवर चढलेल्या त्यांच्या ढाली जोडीजोडीने खिळल्या गेल्या, इतकी ती फळी घट्ट होती.

प्रश्न: केल्टिक रथांच्या चाकांना खरंच पाती होती का? (बेळगाव)

एकदोन रोमन लेखक तसं म्हणतात, पण उत्खननात निघालेल्या एकाही केल्टिक रथाला पाती नाहीत. यॉर्कशायरमध्ये माणसासोबत पुरलेले अनेक रथ मिळाले आहेत. सगळे हलके, दोन चाकी. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाजवळ रोमनांविरुद्ध उठलेल्या बुडिका या ब्रिटन राणीचा पुतळा आहे, त्याच्या चाकांना पाती दिसतात, आणि लोकांच्या मनातलं चित्र बरंचसं तिथून आलेलं आहे. सीझर इ.स.पू. 55 आणि 54 मध्ये या रथांशी प्रत्यक्ष लढला, तो पात्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. रथ वेगाने फिरवत भाले फेकायचे, मग योद्धा उडी मारून पायी लढायचा आणि सारथी थोडं मागे रथ तयार ठेवून थांबायचा, म्हणजे गरज पडली तर पळता येईल. गेममध्ये रथ थेट रांगेत घुसवून माणसं उडवतात, ते या पद्धतीच्या अगदी उलट आहे. शिवाय सीझरच्या काळात रथ ब्रिटनमध्येच उरले होते. गॉलमध्ये त्यांची जागा घोडदळाने घेतली होती.

प्रश्न: मोठा राजवाडा बांधला की 'मारियसच्या सुधारणा' येतात आणि अख्खं सैन्य बदलतं. असा बदल एका फटक्यात झाला होता का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. गायस मारियस या रोमन सेनापतीने इ.स.पू. 107 मध्ये मालमत्ता नसलेल्यांना भरती केलं, हे खरं. पण भरतीसाठी लागणारी मालमत्तेची अट त्याआधीपासूनच टप्प्याटप्प्याने खाली येत होती. कोहॉर्ट ही लिजनमधली (लिजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी) पोटतुकडी त्याने शोधली असं सांगतात, पण पॉलिबियस स्पेनमधल्या इ.स.पू. 206 च्या लढाईतच तिचा उल्लेख करतो. आज बहुतेक अभ्यासक एका माणसाच्या एका सुधारणेवर विश्वास ठेवत नाहीत. बदल शंभरेक वर्षं झिरपत होता.

या गेममध्ये मला त्याहून मोठी उणीव वाटते ती मित्रांच्या सैन्याची. पॉलिबियसच्या हिशेबात एका लिजनमध्ये 1200 हस्ताती (पहिली फळी), 1200 प्रिंकिपेस (दुसरी), 600 त्रिआरी (तिसरी), 1200 हलके वेलितेस आणि 300 स्वार. पण त्यांच्या बरोबरीने जवळपास तितकंच पायदळ आणि तिप्पट घोडदळ इटलीतल्या मित्रशहरांकडून येई. म्हणजे रोमन म्हणून आपण जे सैन्य हलवतो त्यातला निम्म्याहून अधिक माणूस रोमन नागरिक नव्हताच. गेम ते सगळं रोमन कपड्यांत बसवून मोकळा होतो.

प्रश्न: गॉल इतके तोलामोलाचे होते तर हरले का? माझ्या कॅम्पेनमध्ये तर मी गॉल घेऊन रोम जिंकतो. (ठाणे)

कारण तुमच्या कॅम्पेनमध्ये गॉल हा एक देश आहे. प्रत्यक्षात तिथे अनेक टोळ्या होत्या, त्यांची आपसांत जुनी वैरं होती, आणि सीझर आत शिरला तोच एडुई या टोळीचा मित्र म्हणून. त्याचं घोडदळ बरंचसं गॉल होतं. दुसरं कारण माणसांचं. इ.स.पू. 225 मध्ये रोम आणि मित्रांकडे मिळून शस्त्र धरू शकणारे 7,00,000 हून अधिक पायदळ आणि सुमारे 70,000 स्वार होते, असं पॉलिबियस सांगतो. हे सगळे एकदम मैदानात उतरत नव्हते, पण एक सैन्य बुडालं की दुसरं उभं राहत होतं. कान्नीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हानिबलने रोमन सैन्य कापून काढलं तरी रोम लढत राहिलं. त्या दिवशी हानिबलकडचे सुमारे 5,700 पडले, त्यातले 4,000 केल्ट होते.

तिसरं कारण रसद, आणि बहुतेक गेम इथेच सगळ्यात तोकडे पडतात. गेमच्या सैन्याला पगार लागतो, पोट नसतं. सीझरविरुद्ध गॉल टोळ्यांनी केलेलं इ.स.पू. 52 चं बंड बघा. ते सुरूच झालं केनाबम या गॉल शहरातल्या रोमन व्यापाऱ्यांच्या कत्तलीने, आणि त्यात सीझरची धान्यव्यवस्था पाहणारा अधिकारी मारला गेला. पुढे बंडाचा पुढारी व्हर्सिंजेटोरिक्सने ओळखलं की समोरासमोर लढण्यापेक्षा रोमनांना उपाशी ठेवणं सोपं. त्याच्या सांगण्यावरून बितुरिगेस टोळीने एका दिवसात आपली वीसहून अधिक गावं जाळली. अव्हारिकम हे आपलं शहर तेवढं त्यांनी हातापाया पडून वाचवलं.

सीझरचे सैनिक त्या शहराला वेढा घालून कित्येक दिवस धान्याशिवाय राहिले, लांबच्या गावांतून हाकून आणलेल्या गुरांवर त्यांनी भूक भागवली. तट साधा नव्हता. आडव्या ओंडक्यांचा सांगाडा आणि दर्शनी बाजूला दगड. दगडामुळे आग लागत नसे, लाकडामुळे धडका सोसल्या जात. 2004 च्या गेममध्ये गॉल शहरांना केवळ लाकडी कूस मिळतं, हे किती अन्यायाचं आहे ते यावरून कळेल. रोमनांनी पंचवीस दिवसांत 330 फूट रुंद आणि 80 फूट उंच भराव घातला आणि शहर पडलं. आतल्या सुमारे 40,000 माणसांतले जेमतेम 800 वाचले, असं सीझर लिहितो. आणि उपाशी सैन्याला आत धान्याची कोठारं मिळाली. ते एक शहर जाळलं असतं तर सीझरला कदाचित माघार घ्यावी लागली असती, असं माझं मत आहे. कारण त्यानंतर लगेच गेर्गोव्हिया या गॉल शहरापाशी तो खरोखर हरला. 46 सेंच्युरियन (तुकडीनायक) आणि जवळजवळ 700 सैनिक गमावून परतला.

अलेशिया या गॉल शहरात बंडाचा शेवट झाला तोही खणण्याने आणि भुकेने. आत व्हर्सिंजेटोरिक्सची 80,000 माणसं आणि महिन्याभराचं धान्य. बाहेर सीझरने आतल्यांना कोंडायला अकरा मैलांची आणि मदतीला येणाऱ्यांना थोपवायला चौदा मैलांची तटबंदी घातली. मदतीला अडीच लाख गॉल आले हा आकडा मात्र जपून घ्या, तो विजेत्याने स्वतःच्या वृत्तांतात लिहिलेला आहे. ऐन मोक्याला घोडदळाची बाजू सावरली ती सीझरच्या जर्मन स्वारांनी.

तुमच्या गेममध्ये हे थोडंफार अनुभवायचं असेल तर एक नियम स्वतःवर घाला: शत्रूच्या मुलखात सैन्य दोन फेऱ्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर जवळचं एखादं शहर ताब्यात हवं. मोहीम लगेच वेगळी वाटू लागते.

प्रश्न: मी दहावीत आहे. इतिहास बऱ्यापैकी नीट असलेला एखादा गेम सुचवाल का? (रत्नागिरी)

'0 ए.डी.' घे. तो मोफत आहे, फार भारी कॉम्प्युटर लागत नाही, गॉल आणि ब्रिटन तिथे वेगळे आहेत, आणि रोमन हस्ताती-त्रिआरी असलेले प्रजासत्ताकाच्या काळातले आहेत. 'एज ऑफ एम्पायर्स 2' मजेचा आहे, पण त्यातला निळा रंग फासलेला केल्ट मध्ययुगात उभा केला आहे. रंग फासण्याची गोष्ट सीझर ब्रिटन लोकांबद्दल लिहितो, म्हणजे गेमच्या काळाच्या कितीतरी शतकं आधीची.

'रोम: टोटल वॉर' आधीच घरी असेल तर त्यावर 'युरोपा बार्बारोरम' हा चाहत्यांनी केलेला मॉड (मूळ गेम बदलणारी मोफत जोडणी) बसव. त्यात सैनिक त्यांच्या त्यांच्या जुन्या भाषांत बोलतात, गॉल लोकांची भाषा अभ्यासकांच्या कामावरून जुळवलेली आहे. गॉलही एक नाही, एडुई आणि आर्वेर्नी असे दोन पक्ष आहेत. एडुई घेऊन सुरू कर. पहिली लढाई रोमशी होणार नाही, शेजारच्या आर्वेर्नींशी होईल.