शंभर वेढे दिले तरी टाचण्या दहाच?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सातवीला विज्ञान शिकवतो. परवा विद्युतचुंबकाचा प्रयोग घेतला, गट पाडून. खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळायची, एक सेल जोडायचा आणि किती टाचण्या उचलल्या जातात ते मोजायचं. आधी २५ वेढे, मग ५०, मग १००, प्रत्येक वेळी नवी तार कापून. फळ्यावर मी आधीच लिहून ठेवलं होतं की वेढे वाढवले की चुंबकाची ताकद वाढते. एका गटाला मिळाल्या ५, ९ आणि १० टाचण्या. दुसऱ्या गटाला तर १०० वेढ्यांना ५० पेक्षा कमीच आल्या. एका मुलीने विचारलं, "सर, फळ्यावरचं चुकलंय की आमचं?" मी म्हणालो तार नीट गुंडाळली नसेल, आणि वेळ मारून नेली. पण खरं सांगू, मलाच ते पटलं नाहीये. कुठे चुकलं?

उत्तर : सर, आधी त्या मुलीला सांगून टाका की तार नीटच गुंडाळली होती. चूक तिची नाही, फळ्यावरचं वाक्य अर्धं होतं. वेढे वाढले की ताकद वाढते, पण करंट तेवढाच राहिला तर. आणि तुमच्या प्रयोगात तो तेवढा राहिलाच नाही.

हिशोब करून बघा. साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या खिळ्याला एक वेढा म्हणजे पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास तार, म्हणजे ५० वेढ्यांना ८५-९० सेंटीमीटर आणि १०० ला त्याच्या दुप्पट. वाइंडिंगची २८ नंबरची तार असेल तर तिचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, एका मीटरला अंदाजे ०.१५ ओहम. आता हा आकडा एवढासा वाटतो, पण तुमच्या सर्किटमध्ये बल्ब नाही की मोटर नाही, करंटला अडवायला आहे कोण, तर ही तार आणि सेलचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स, बस. त्यामुळे तार दुप्पट लांब झाली की करंट चांगलाच खाली येतो. ताकद ठरते वेढे गुणिले करंट यावर, म्हणजे एका हाताने वेढे दिले आणि दुसऱ्या हाताने करंट काढून घेतला असं झालं.

दुसरी भानगड सेलची. या प्रयोगात सेल जवळजवळ शॉर्ट झालेला असतो, दोन-चार अँपिअर करंट देताना तो बघता बघता दमतो. तुमच्या मुलांनी २५ वेढे ताज्या सेलवर केले आणि १०० वेढे त्याच दमलेल्या सेलवर. मग दुसऱ्या गटाला कमी आल्या यात नवल काय! खात्री करायची तर १०० झाल्यावर त्याच सेलवर परत २५ वेढ्यांचा खिळा लावायला सांगा. मघाशी ५ आल्या होत्या आणि आता ३ आल्या तर सेल गेला समजायचं.

पण हे सगळं मी तुम्हाला सांगतेय, तुम्ही मुलांना सांगू नका हां! पुढच्या तासाला फळा कोरा ठेवा आणि एवढंच विचारा की मागच्या वेळी वेढ्यांशिवाय अजून काय काय बदललं होतं. तारेची लांबी कोणीतरी म्हणेलच, सेल जुना झाला म्हणेल, कोणी म्हणेल टाचण्या वेगळ्या होत्या, कोणी म्हणेल खिळा गरम झाला होता, सगळं लिहून घ्या, आणि मग विचारा की फक्त वेढेच बदलतील, बाकी काही हलणार नाही असं कसं करायचं. थोडा वेळ शांतता पसरते. पसरू द्या. मग कुठूनतरी येतं की तार कापायचीच नाही!

तेच करायचं. प्रत्येक गटाला एकच अखंड ४ मीटर तार. २५ वेढे दिले तरी तीच, १०० दिले तरी तीच, उरलेली टेबलावर लांब नागमोडी पसरून ठेवायची (भेंडोळं करून खिळ्याशेजारी ठेवू नका, त्याचीच वेगळी कॉइल, म्हणजे वेढ्यांची गुंडाळी, होते). तार तेवढीच म्हणजे रेझिस्टन्स तेवढाच म्हणजे करंट तेवढाच, आणि लांब तारेमुळे करंट मुळातच कमी राहतो म्हणून सेलही जास्त टिकतो. सेल पाचच सेकंद जोडायचा, मोजलं की काढायचा. टोकांचं इनॅमल, म्हणजे तारेवरचा करंट अडवणारा पातळ थर, सँडपेपरने नीट खरवडलंय का ते तुम्ही स्वतः बघा, अर्ध्या गटांचा प्रयोग तिथेच अडकतो कारण इनॅमल डोळ्याला तांब्यासारखंच दिसतं. मोजायला टाचण्यांऐवजी स्टेपलरच्या सुट्या केलेल्या पिना घ्या. टाचणी तुलनेने जड, त्यामुळे ९ आणि १० मधला फरक खरा की नशिबाचा ते कळत नाही, बारीक पिना असल्या की फरक स्पष्ट दिसतो. तरी २५, ५०, १०० प्रत्येकाला तीनदा मोजायचं. आणि पिना दुप्पट होतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, पिना एकमेकींना लटकून साखळ्या करतात, त्यांची संख्या म्हणजे काही ताकदीचं मीटर नाही. वाढतात की नाही एवढं बघायचं.

एक गंमत सांगते, माझ्या वर्गात एका गटाने १०० वेढे इतके सुबक दिले होते की बघत राहावं, दोन थर, एकावर एक, आणि खिळा एकही पिन उचलेना. सेल बदलला, टोकं परत घासली, काही नाही. शेवटी तार उलगडताना कळलं की पहिला थर संपल्यावर पोराने खिळा हातात फिरवून घेतला होता आणि दुसरा थर उलट्या दिशेने गुंडाळला होता, म्हणजे ५० वेढ्यांनी केलेलं काम वरच्या ५० वेढ्यांनी पुसून टाकलं. तेव्हापासून मी मुद्दाम असा एक रुसलेला खिळा तयार करून घेऊन जायचे आणि याला काय झालंय ते शोधा म्हणून मुलांच्या हातात द्यायचे. कॉइल म्हणजे काय हे त्या एका खिळ्याने जेवढं कळलं तेवढं माझ्या कुठल्याच आकृतीने कळलं नसेल.

आणि तुमचा प्रश्न काही नवा नाही बरं का. विल्यम स्टर्जनने १८२५ मध्ये पहिला विद्युतचुंबक दाखवला तेव्हा त्याची तार उघडी होती, वार्निश लावलं होतं ते लोखंडाला, त्यामुळे वेढे एकमेकांना टेकू न देता लांब लांब द्यावे लागायचे आणि जेमतेम १८ वेढे बसले. मग अमेरिकेत जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळलं, आता वेढे चिकटून देता यायला लागले, थरावर थर चढवता यायला लागले. पण मग त्याच्यापुढेही हेच आलं, की एका सेलवर लांबच लांब तार चढवत गेलं तर एका मर्यादेनंतर फायदा होत नाही. त्याने काय केलं, एकाच लोखंडावर अनेक छोट्या छोट्या वेगळ्या कॉइल दिल्या आणि सगळ्यांची टोकं समांतर जोडली, म्हणजे प्रत्येक कॉइलचं एक टोक सेलच्या एका बाजूला आणि दुसरं दुसऱ्या बाजूला. अशाच पद्धतीचा त्याचा १८३१ चा चुंबक ९०० किलोच्या वर वजन उचलायचा. आणि हेन्री तेव्हा मुलांच्या शाळेत शिकवत होता, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. तुमच्या हुशार गटाला हे करून बघू द्या, १०० वेढ्यांची एक कॉइल विरुद्ध ५०-५० च्या दोन, समांतर जोडून, दोन्ही एकाच दिशेने गुंडाळलेल्या. पाच सेकंदांच्या वर नको, सेल ताजा घ्या, आणि काय होईल ते आधी कागदावर लिहून घ्या त्यांच्याकडून.

प्रश्न : ताई, मी आठवीत आहे. पुस्तकात लिहिलंय की सेल काढला की विद्युतचुंबकाचं चुंबकत्व जातं. पण माझा खिळा सेल काढल्यावरही दोन टाचण्या धरून ठेवतो. असं का?

उत्तर : अगं, छान पकडलंस की! पुस्तक बोलतंय नरम लोखंडाबद्दल आणि तुझा खिळा आहे पोलादाचा. पोलादात थोडा कार्बन असतो, ते एकदा चुंबक झालं की थोडं चुंबकत्व धरून ठेवतं, नरम लोखंड जवळजवळ सगळं सोडून देतं. सळया बांधायला जी मऊ काळी तार वापरतात ना, तिचे बोटभर लांब दहा-पंधरा तुकडे एकत्र बांध आणि खिळ्याच्या जागी ठेव, फरक दिसेल. तुझा खिळा फरशीवर चार-पाच वेळा जोरात आपट आणि परत टाचण्या मोज, कमी होतात का बघ. आणि हो, टाचण्यासुद्धा पोलादाच्याच, वापरून वापरून त्याही चुंबक होतात, म्हणून त्या दोन टाचण्या खिळ्याने धरल्यात की त्यांनीच खिळ्याला धरलंय हेही तपास! नव्या टाचण्या घेऊन केलंस की कळेल.

अजून एक करून बघ. खिळ्याला आधी कागद गुंडाळ आणि मग त्यावर तार. करंट खिळ्यातून जातो असं खूप जणांना वाटतं, तुलाही वाटत असेल तर कागद लावल्यावर काय होतं ते बघ.

प्रश्न : मुलगा हा प्रयोग घरी करतोय. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दिली तर चुंबक जास्त जोरदार होईल का? आणि मोबाइलचा चार्जर चालेल का?

उत्तर : चार्जर नाही, पॉवर बँक नाही, मोबाइलची किंवा कुठलीच लिथियमची बॅटरी नाही, आणि भिंतीतला प्लग तर अजिबात नाही. घड्याळात घालतो तो साधा १.५ व्होल्टचा सेल पुरे. ९ व्होल्टच्या बॅटरीत सहा छोटे सेल एकामागे एक असतात, आतला रेझिस्टन्स जास्त, असा मोठा करंट मागितला की ती लगेच बसते, त्यामुळे फायदा काही नाही. तार किंवा सेल हाताला गरम लागला की सोडून द्यायचं आणि थंड होऊ द्यायचं, तार टेपने सेलला चिकटवून जेवायला जायचं नाही. प्रयोग झाला की सेल आणि टाचण्या एकाच डब्यात टाकू नका, आणि घरात होकायंत्र असेल तर ते वीतभर लांबच ठेवा, चुंबक अगदी चिकटवला तर कधी कधी सुई उलटी होऊन बसते आणि मग उत्तर-दक्षिणेचा घोळ होतो.