६१, २९ की २४?

प्रश्न: ताई, एका एआरएम बोर्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहितोय. चिपच्या मॅन्युअलमध्ये माझ्या डिव्हाइसचा इंटरप्ट (डिव्हाइस प्रोसेसरला देतं ती हाक) क्रमांक ६१ छापलाय. आधीच्या माणसानं डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, २९ लिहून ठेवलाय. आणि बोर्ड चालू करून 'प्रॉक'मधली 'इंटरप्ट्स' फाइल उघडली, तर त्याच डिव्हाइसच्या ओळीत सुरुवातीला २४! ड्रायव्हरमध्ये ६१ टाकला की इंटरप्टची नोंदणी करणारं 'रिक्वेस्ट आयआरक्यू' उणे २२ ('आकडा अवैध') परत करतं, २४ टाकला की सगळं सुरळीत. मग २४ ठेवू का?

उत्तर: नका ठेवू. असाच एक 'सुरळीत' आकडा माझ्या अंगाशी आला होता, ते सांगतेच. पण आधी हे ऐका की तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत.

६१ हा जीआयसीचा, म्हणजे एआरएमच्या इंटरप्ट कंट्रोलरचा. त्याच्याकडे ० ते १५ हे कोअरनी एकमेकांना हाक मारण्यासाठी, १६ ते ३१ प्रत्येक कोअरचे खासगी (टायमर वगैरे), आणि ३२ पासून १०१९ पर्यंत सामायिक. तुमचं डिव्हाइस सामायिकांत येतं. डिव्हाइस ट्रीत सामायिक इंटरप्ट शून्यापासून मोजतात, म्हणून ६१ वजा ३२, २९. तिथली ओळ बहुधा '० २९ ४' अशी असेल: शून्य म्हणजे सामायिक, ४ म्हणजे लेव्हल हाय (तारेवरचा सिग्नल वर असेपर्यंत इंटरप्ट). काही मॅन्युअलांत ३२ आधीच वजा करून छापतात, काहींत नाही. मी तर नव्या चिपचं मॅन्युअल हातात आलं की आधी टायमरचा आकडा बघून घेते.

२४ मात्र लिनक्सनं दिलेला. जुन्या पीसीत ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलरच्या दोन चिपा, एक तार दुसरीला जोडण्यात जायची, उरायच्या १५. कीबोर्ड १, टायमर ०, सगळ्यांना पाठ. आता एकाच बोर्डावर जीआयसी असतो, जीपीआयओचा (साध्या इनपुट-आउटपुट पिनांचा) वेगळा कंट्रोलर असतो आणि दोघेही आपापलं ०, १, २ मोजतात. नुसतं '५' म्हटलं तर कोणाचा ५? म्हणून कर्नल प्रत्येक कंट्रोलरसाठी एक आयआरक्यू डोमेन (त्याचा कोणता आकडा म्हणजे लिनक्सचा कोणता, याची नोंद) ठेवतो, आणि डिव्हाइसची नोंद होते तेव्हा मोकळा असलेला एखादा क्रमांक त्या तारेला देतो. तो कोणता मिळेल हे कोण आधी आलं यावर ठरतं.

माझी गोष्ट. मीही आकडा थेट कोडमध्ये लिहिला होता आणि तो कित्येक महिने चालला. मग सहकाऱ्यानं टचस्क्रीनचा ड्रायव्हर चालू केला, त्याची नोंद माझ्या आधी झाली आणि माझा आकडा त्याला गेला. एरवी उणे १६, म्हणजे 'जागा भरलेली', असं उत्तर मिळालं असतं तर लगेच कळलं असतं. पण दोघांनीही शेअर्ड फ्लॅग, म्हणजे 'हा क्रमांक वाटून घ्यायला चालेल' अशी खूण, दिलेला! नोंदणी बिनबोभाट झाली. स्क्रीनला बोट लावलं की माझा हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) जागा व्हायचा, आपलं काही नाही बघून परत जायचा. माझं डिव्हाइस ताटकळत, आणि मी दोन दिवस ऑसिलोस्कोप लावून सोल्डरिंगला शिव्या देतेय.

तेव्हा ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) 'प्लॅटफॉर्म गेट आयआरक्यू'ला विचारा. उत्तर ऋण आलं तर तीच चूक वर परत करा, नाहीतर आलेला आकडा जसाच्या तसा 'रिक्वेस्ट आयआरक्यू'ला द्या. तो किती आहे हे तुमच्या कोडला कळायची गरजच नाही.

मग तीच फाइल पुन्हा उघडा, पण ओळ शेवटपर्यंत वाचा. सुरुवातीला २४, मग प्रत्येक कोअरवर किती वेळा आला ते, मग कंट्रोलरचं नाव आणि त्याला चिकटून तुमचा ६१. डिव्हाइस काम करत असूनही मधले आकडे शून्यावर अडले, तर ६१ च्या पुढे लेव्हल लिहिलंय की एज (सिग्नल बदलतो त्या क्षणी इंटरप्ट), ते मॅन्युअलशी ताडून बघा. २९ ला हात लावू नका.