जॉर्ज सांचेझवर सेमिनार घ्यायचा का? हो, घ्या, आणि सुरुवात टेस्टपासून करा

तुम्ही विचारलंय की एमए सायकॉलॉजीच्या सेमिनारसाठी एखादा सुरुवातीच्या काळातला हिस्पॅनिक, म्हणजे अमेरिकेतला स्पॅनिश भाषिक समाजातला, मानसशास्त्रज्ञ हवाय, जॉर्ज सांचेझचं नाव सापडलं, पण मॅडम म्हणाल्या की तो शिक्षणवाला आणि चळवळवाला, सायकॉलॉजीत बसत नाही. माझं मत विचाराल तर बिनधास्त घ्या. मी बरीच वर्षं शाळांमधून मुलांच्या असेसमेंटचं काम करते आणि या माणसाने 1930च्या दशकात जे लिहिलं ते मला आजही रोजच्या कामात लागतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मॅडमचा मुद्दा कागदावर बरोबर आहे. सांचेझची डॉक्टरेट 1934ची, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची, ती शिक्षणशास्त्रातली. पण त्याआधीची मास्टर्स डिग्री बघा, टेक्सस विद्यापीठ, ऑस्टिन, 1931, विषय शैक्षणिक मानसशास्त्र आणि स्पॅनिश, गाइड हर्शेल मॅन्युएल, आणि प्रबंध कशावर तर स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना एकच टेस्ट पुन्हा पुन्हा दिली तर स्कोअरचं काय होतं यावर. काही अभ्यासक त्यांना चिकानो मानसशास्त्राचे जनक म्हणतात, चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन.

आता थोडं मागे जाऊ. त्यांचा जन्म 4 ऑक्टोबर 1906चा, आल्बुकर्कीचा, तेव्हा न्यू मेक्सिको राज्यसुद्धा झालं नव्हतं, ते झालं 1912 ला. वडील खाणकामगार, म्हणून लहानपणाचा बराच काळ ॲरिझोनातल्या जेरोम नावाच्या तांब्याच्या खाणींच्या गावात गेला. घरची परिस्थिती बेताची, आणि सोळाव्या वर्षी हा मुलगा आल्बुकर्कीजवळच्या खेड्यातल्या शाळेत मास्तर म्हणून उभा राहिला. मग शिकवत शिकवत, सुट्ट्यांमध्ये कोर्स करत 1930 ला न्यू मेक्सिको विद्यापीठाची पदवी. सेमिनारमध्ये हे एका स्लाइडवर उरकू नका, कारण पुढचं सगळं इथून येतं. टेस्टमध्ये नापास होणारी मुलं या माणसाने आधी स्वतः शिकवलेली होती. ती मुलं काय समजू शकतात हे त्याला आकड्यांच्या आधीपासून माहीत होतं.

आणि ते आकडे काय म्हणत होते? लुइस टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1916 ला बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धिमापनाची टेस्ट अमेरिकेसाठी बदलून स्टॅनफर्ड-बिने आणली आणि त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं की नैऋत्य अमेरिकेतल्या स्पॅनिश-इंडियन आणि मेक्सिकन घरांमध्ये आणि काळ्या लोकांमध्ये बुद्धीची मंदता फार आढळते, ती वांशिक असावी, आणि अशा मुलांना वेगळ्या वर्गात ठेवावं. हे कुणा ऐऱ्यागैऱ्याचं मत नव्हतं, त्या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं होतं. शाळांना तर हेच हवं होतं, मेक्सिकन मुलांना वेगळं बसवायचंच होतं, आता शास्त्राचा शिक्का मिळाला.

सांचेझनी काय केलं, तर 1932 आणि 1934 ला जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजीमध्ये दोन लेख लिहिले. विशीतला पोरगा, काल-परवापर्यंत खेड्यातला मास्तर, आणि थेट त्या क्षेत्राच्या जर्नलमध्ये जाऊन म्हणतोय की तुमची मोजपट्टी तपासा. त्यांनी टेस्ट फेकून द्या असं कुठेही म्हटलं नाही, हे नीट लक्षात घ्या, परीक्षक बहुतेक इथेच विचारतील. त्यांचं म्हणणं असं होतं की ज्या मुलांवरून नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठीचे प्रमाण-स्कोअर, काढले त्यांना टेस्टमधल्या गोष्टी जितक्या ओळखीच्या होत्या तितक्याच समोरच्या मुलालाही ओळखीच्या असतील तरच तो स्कोअर खरा धरायचा, नाहीतर तो आकडा मुलाच्या बुद्धीचा नाही, त्याला काय मिळालं आणि काय मिळालं नाही याचा आहे. आणि नुसतं तत्त्व सांगून थांबले नाहीत. 1934च्याच आणखी एका लेखात शाळा स्पॅनिश घरातल्या मुलांना जे मूलभूत इंग्रजी शब्द शिकवते त्यांची यादी घेतली, आणि त्या वयाच्या मुलाला टेस्टमध्ये जे शब्द लागतात ते तिच्याशी ताडून पाहिले. बरेच शब्द यादीत नव्हतेच. म्हणजे जे शाळेनेच कधी शिकवलं नाही ते मुलाला येत नाही म्हणून तो मंद! मला हा युक्तिवाद इतका आवडतो की काय सांगू, कारण यात बोट मुलाकडून उचलून शाळेकडे वळवलंय, आणि तेही पुराव्यासकट.

इथे आपल्याकडचा एक दुवा आहे तो नक्की घाला. त्याच दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यात स्टॅनफर्ड-बिनेवरूनच मराठी आणि कन्नड मुलांसाठी टेस्ट तयार केली, आपण आज बिने-कामत म्हणतो तीच, अजूनही अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या कामात वापरली जाते. कामतांनी नुसतं भाषांतर न करता इथल्या मुलांवर नॉर्म्स काढले ही मोठी गोष्ट होती. पण तांड्यावरून आलेलं, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा भाषा, बोलणारं पोर समोर बसलं आणि मी प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की सांचेझचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो, ते नॉर्म्स कुठल्या मुलांचे आणि हे मूल कुठलं.

मधली वर्षं भराभर सांगते. ते न्यू मेक्सिकोच्या शिक्षण खात्यात आकडेवारीचं काम बघत होते, शाळांना पैसा समान मिळावा म्हणून खटपट करत होते. 1933 ला स्पॅनिश बोलणाऱ्यांबद्दलची मतं मोजणारी एक प्रश्नावली शाळांमधून वाटल्यावरून मोठा गदारोळ झाला आणि त्यात तेही सापडले, कशीबशी नोकरी वाचली. मग मेक्सिकोच्या ग्रामीण शाळांचा अभ्यास, व्हेनेझुएलात शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचं काम, 1940 ला न्यू मेक्सिकोतल्या टाओस काउंटीतल्या गरिबीवरचं 'फरगॉटन पीपल' हे पुस्तक, आणि त्याच वर्षी टेक्सस विद्यापीठात प्रोफेसर. 1941-42 ला लुलॅक या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्षही होते.

आता कोर्टाचा भाग, तुमच्या मॅडमना हा नक्की ऐकवा. 1948 ला डेलगाडो विरुद्ध बॅस्ट्रॉप या खटल्यात टेक्ससमधल्या फेडरल कोर्टाने मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवणं बेकायदा ठरवलं, सांचेझ त्या खटल्याच्या तयारीत आघाडीवर होते. निकालात एक सवलत ठेवली होती, फक्त पहिलीत, त्याच आवारात, वेगळा वर्ग चालेल, पण कधी, तर सगळ्या मुलांना सारखीच दिलेली प्रमाणित टेस्ट दाखवत असेल की या मुलाला इंग्रजी येत नाही तेव्हाच. म्हणजे आडनाव बघून नाही, मूल बघून. आणि टेस्ट सरसकट बुद्धीचा निवाडा म्हणून नाही, तर एका नेमक्या प्रश्नापुरती. सायकॉलॉजी आणि चळवळ यात वेगळी काढायची तरी कशी?

शाळांनी अर्थात पळवाटा शोधल्याच, पुढची बरीच वर्षं या मुलांना दोन-दोन, तीन-तीन वर्षं पहिलीतच बसवून ठेवायचे प्रकार झाले आणि 1957 ला टेक्ससमधल्याच ड्रिस्कॉलच्या शाळांविरुद्धच्या खटल्यात त्यावर पुन्हा मुलांच्या बाजूने निकाल लागला. तिथे स्पॅनिश अजिबात न येणाऱ्या एका मुलीलाही मेक्सिकन वर्गात घातलं होतं.

एक टीकाही सांगा, एकतर्फी होऊ देऊ नका. मेक्सिकन लोक कायद्याने गोरेच धरले जातात आणि त्यांना वेगळं ठेवायचा कुठलाही कायदा टेक्ससमध्ये नाही, यावर सांचेझची बाजू बरीच टेकलेली होती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गूड मार्शल यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, पण काळ्यांच्या लढाईपासून अंतर ठेवणारी ही मांडणी नंतरच्या पिढीला खटकली. मलाही खटकते. त्या कोर्टांमध्ये जिंकायला दुसरं काय हाताशी होतं हेही मला कळतं.

5 एप्रिल 1972 ला सांचेझ गेले. त्याआधी दोनच वर्षं, 1970 ला, कॅलिफोर्नियात स्पॅनिश घरातल्या मुलांना इंग्रजी टेस्टवरून मंद ठरवल्याबद्दलच्या डायना खटल्याच्या समझोत्यात मुलाची टेस्ट त्याच्या घरच्या भाषेतही घ्यायची असं ठरलं. टेक्सस विद्यापीठाच्या शिक्षण विभागाच्या इमारतीला 1995 पासून त्यांचं नाव आहे.

वाचायला सुरुवात 1934च्या 'बायलिंग्वलिझम अँड मेंटल मेझर्स' या लेखापासून करा, चरित्र नंतर. सोबत टर्मनच्या पुस्तकातला तो परिच्छेद ठेवा आणि दोन्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. कामतांच्या नॉर्म्सबद्दल काही अडलं तर इथेच विचारा, मॅन्युअल माझ्याकडे आहे, बघून सांगते.