मुंबईत रेडिओलॉजीचं एमडी करतेय. इंटरव्हेन्शनच्या (स्कॅन बघत सुई-कॅथेटरने उपचार करण्याच्या) पोस्टिंगमध्ये नेमकं काय शिकून घ्यावं?

कॉइल आणि स्टेंट राहू द्या, आधी सोनोग्राफीचा प्रोब हातात मुरू द्या. सुईचं टोक सतत दिसत ठेवता आलं की यकृतातल्या गळवात पिगटेल (पू काढायची वळलेल्या टोकाची नळी) टाकणं, डायलिसिसची लाइन, बायोप्सी ही रोजची कामं हाताखालून जातात. स्वीडिश रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगरने 1953 मध्ये मांडलेली सुई-वायर-कॅथेटरची (आधी सुई, तिच्यातून वायर, वायरवरून नळी) रीत आजही पाया आहे. फेमोरल पंक्चर (जांघेतल्या धमनीत सुई टोचणं) फेमोरल हेडच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याच्या, समोर का? नंतर दाबायला मागे हाड मिळतं म्हणून. फार वर टोचलं तर रक्त पोटाच्या मागच्या बाजूला साठतं आणि बाहेरून काही कळत नाही.

आपल्याकडे क्षयरोग भरपूर, त्यामुळे खोकल्यातून रक्त पडणारे पेशंट रात्री-अपरात्री येणारच. ब्रॉन्कियल आर्टरी एम्बोलायझेशन, म्हणजे फुफ्फुसातली रक्त सोडणारी धमनी आतून बंद करणं, नीट बघा. पार्टिकल्स (धमनी बंद करणारे बारीक कण) सोडण्याआधी अँजिओग्राममध्ये हेअरपिनसारखी वळणारी अँटिरियर स्पायनल आर्टरी (मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी) शोधायची सवय लावा. ती नजरेतून सुटली तर पेशंटचे पाय लुळे पडू शकतात. सीटी अँजिओ आधी स्वतः वाचा, कुठल्या रक्तवाहिन्या फुगल्यात ते ठरवा, मगच कॅथलॅबमध्ये शिरा. माझ्या मते वायर फिरवण्यापेक्षा हे अवघड.

क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पुस्तकात आहेच. थायरॉइड शील्ड (एक्स-रेपासून बचावाचा गळ्यातला पट्टा) मात्र उकडतं म्हणून काढून ठेवू नका.

आणि संमती स्वतः घ्या, नातेवाइकांना समजेल अशा भाषेत. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन पंक्चरची जागा आणि पायाची नाडीही बघा. हे बहुतेक जण सर्जरीच्या रेसिडेंटवर ढकलतात.