दुसऱ्याला विश्वासात मार्ग दाखवताना आपण चुकीचं सांगितलं तर?

तुमचा प्रश्न मी असा समजले: मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाचा बायबलचा अभ्यास तुम्ही घेता. गटातल्या एका मुलीच्या आईला कर्करोग आहे. प्रार्थनेला येणाऱ्या कुणीतरी तिला सांगितलं की घरात विश्वास कमी पडतोय म्हणून आई बरी होत नाही, केमो बंद करा आणि प्रभूवर सोडा. ती तुम्हाला विचारते आहे, आणि तुमच्या डोक्यात बायबलमधलं याकोबाचं वचन घोळतंय की पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल. म्हणून अभ्यास घेणंच सोडावं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या मुलीचं बघू, तिचं काम थांबण्यासारखं नाही. उपचार बंद करायचे नाहीत, हे तिला आजच सांगा, स्पष्ट सांगा. इथे गुळमुळीत बोलणं हेच अविश्वासूपण ठरेल. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत शहरात आजारीच ठेवून आला. स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्याचा प्रिय सोबती लूक तर वैद्यच होता. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. आजारी माणसाच्या माथी दोष मारण्याची ही सवय इतकी जुनी आहे.

मी कोल्हापुरात शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या बायबल वर्गात, शिकवते. आमच्या शहरात रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये मिशनच्या कामासाठी आले, आणि पुढे याच भागात, मिरजेला, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं. दुखणं हाताबाहेर गेलं की ‘मिरजेला न्या’ असं आमच्याकडे वडीलधारी माणसं सहज म्हणतात. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली चालताना आमच्या मंडळ्यांनी पाहिली आहे. म्हणून ‘डॉक्टर की देव’ असा प्रश्न कुणी भोळ्या माणसापुढे टाकला की मला फार वाईट वाटतं, आणि रागही येतो.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती भीती चांगली आहे, ठेवा. पण ते वचन तिथेच थांबत नाही. याकोब ‘आपल्याला’ म्हणतो, म्हणजे स्वतःलाही त्यात धरतो, आणि लगेच पुढे म्हणतो की आपण सगळेच पुष्कळ गोष्टींत चुकतो. पहिल्या शतकातल्या अपुल्लोस या उपदेशकाकडे पाहा. तो शास्त्रात पारंगत, बोलण्यात आवेशी, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या विश्वासणाऱ्या जोडप्याने त्याला सभेत उघडं पाडलं नाही. आपल्याजवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. अपुल्लोसानेही बोलणं बंद केलं नाही; अखयात जाऊन तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याने फार मदत केली. तुमच्या मंडळीत अशी प्रिस्किल्ला शोधा. पाळक असोत नाहीतर वचनात मुरलेली एखादी आजी, महिन्यातून एकदा त्यांना गटात बसवा आणि नंतर विचारा, माझं कुठे चुकलं? ज्याला कुणी दुरुस्त करू शकत नाही, त्याने शिकवू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल एका ठिकाणी म्हणतो, हे मी नाही, प्रभू सांगतो. थोडं पुढे म्हणतो, हे प्रभू नाही, मी सांगतो. आणि कुमारिकांविषयी तर सरळ कबूल करतो की प्रभूची आज्ञा माझ्याकडे नाही, मी मत देतो. प्रेषित असून त्याने ही रेघ आखली! आपण मात्र आपलं मत, आपल्या घरची रीत, यूट्यूबवर ऐकलेला संदेश, सगळं ‘प्रभूने मला सांगितलं’ या एका वाक्यात गुंडाळतो. आमच्याकडे मुलं हमखास विचारतात: शेजारच्या काकू जोतिबाहून आल्या, त्यांनी प्रसाद दिला, काय करू? काय खावं, काय खाऊ नये याबद्दलचे पौलाचे अध्याय, रोम १४ आणि १ करिंथ ८ ते १०, मी त्यांच्याच हातात देते, मोठ्याने वाचायला लावते, मग माझं मत सांगते आणि ते माझं मत आहे हेही सांगते. काही मुलं माझ्याहून वेगळ्या निर्णयावर येतात. येऊ देत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणलं, १९२२ मध्ये मरण येईपर्यंत त्या त्यावर काम करत होत्या. एवढ्या कष्टाने हातात आलेलं पुस्तक उघडायच्या ऐवजी लोक ‘ताई काय म्हणतात’ तेवढंच धरून बसले, तर ताईंचं काहीतरी चुकतंय.

फिलिप्पाने रथात बसून त्या कूशी अधिकाऱ्याला यशयाचा उतारा समजावला, बाप्तिस्मा दिला आणि मग फिलिप्प त्याला पुन्हा दिसलाही नाही. अधिकारी आनंदाने आपल्या वाटेने गेला. माणूस आपल्याशिवाय चालू लागला पाहिजे, इतकं आपलं काम आहे.

तर अभ्यास सोडू नका. या आठवड्यात त्या मुलीच्या घरी जा, पण प्रवचन घेऊन जाऊ नका. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं. तोंड उघडल्यावर मात्र त्यांनी असं काही सांगितलं की देवाचा राग ओढवून घेतला. आईला बोलायचं असेल तर ऐका. त्या जन्मांध माणसाची गोष्ट, योहानाचा नववा अध्याय, मुलीलाच वाचू द्या. पुढच्या केमोला सोबत कोण जाणार ते विचारा, कुणी नसेल तर संघातली दोन मुलं पाठवा. आणि ज्याने हे ‘विश्वास कमी’चं सांगितलं त्याला मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्याला गाठून बोला. ऐकलं नाही तर पाळकांना घेऊन पुन्हा जा, कारण तो हेच उद्या दुसऱ्या घरात सांगेल.