शिवीपेक्षा रोख बघ

अरे, बातमीखालच्या वाचकांच्या प्रतिक्रिया तपासताना नुसत्या शिव्यांच्या यादीवर भिस्त ठेवू नकोस. १९९६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या शिव्या गाळणाऱ्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या रहिवाशांना खातंच उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या इंग्रजी नावात शिवी दडलेली! उलट मुरलेला शिवराळ माणूस मध्ये एक टिंब टाकून आरामात सुटतो.

मी आधी रोख कुणावर आहे ते बघतो. 'निर्णय मूर्खपणाचा आहे' हे बिनधास्त जाऊ दे. 'मंत्र्याने पैसे खाल्ले' हा मात्र आरोप झाला. बातमीत तसा आधार नसेल तर थांबव. कुणाचा फोन नंबर, पत्ता दिसला की लगेच उडव. आणि वाचकाचं वाक्य सुधारत बसू नकोस. एक शब्द बदललास की ते अर्धं तुझं झालं. नाकारलंस तर कुठल्या नियमाने, तेवढं कळव. 'गळचेपी' म्हणून बोंब होईलच, माझ्या नावाने अजून होते.