'हॉल'पुढे 'हेल' : हे यमक आहे का?

परभणीहून आलेला प्रश्न असा : विल्फ्रेड ओवेनच्या 'स्ट्रेंज मीटिंग' या पहिल्या महायुद्धातल्या कवितेत 'हॉल'च्या जोडीला 'हेल' येतं. मुलं कधी 'अनुप्रास' लिहितात, कधी 'मुक्तछंद'. मराठीत नेमकं काय म्हणायचं?

'व्यंजनयमक' म्हणावं. मुक्तछंद तर नाहीच. ओळी पाच आघातांच्या मापात आहेत, बहुतेक दोन-दोन बांधलेल्या. अनुप्रासात वर्ण ओळीत कुठंही फिरून येतो, इथं त्याची जागा ठरलेली आहे, ओळीच्या शेवटी.

'माती–जाती' या नेहमीच्या यमकात पहिलं व्यंजन बदलतं, पुढचं तसंच राहतं. ओवेनची जोडी 'माती–मोती'सारखी असते : व्यंजनं तीच, आतला स्वर वेगळा. तपासायला शब्द मोठ्यानं म्हणा, देवनागरीत लिहा आणि स्वरचिन्हं खोडा. 'हॉल–हेल'चं 'हल' उरतं, 'किल्ड–कोल्ड'चं 'कल्ड'. इंग्रजी स्पेलिंग बघितलं की फसगत होते. निकाल कानाचा. 'रान–रीण' कागदावर जुळत नाही, पण मराठवाड्यात जिथं 'रीन' म्हणतात तिथं चोख जुळतं.

'अर्धयमक' मात्र इथं नको. याच कवितेत 'आइज–ब्लेस' ही जोडी आहे. तिथं फक्त शेवटचा ध्वनी जवळ येतो. तो शब्द तिच्यासाठी ठेवा.

नुसतं नाव लिहून उत्तर पुरं होत नाही, परिणाम सांगायला हवा. मारणारा आणि त्यानं मारलेला शत्रू जमिनीखालच्या भुयारात भेटतात, आणि मेलेला त्याला 'मित्रा' म्हणतो. ही दोन माणसं जितकी सारखी आणि जितकी वेगळी, तितकेच ते शब्द. कान जुळणीची वाट बघतो आणि ती हाताशी येऊन निसटते. १९१८ सालची ही कविता. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला, युद्धबंदीच्या आठवडाभर आधी, ओवेन रणांगणावर मारला गेला.

शेवटची ओळ जरूर दाखवा : 'लेट अस स्लीप नाउ'. चारच शब्द, आणि जोडीची ओळच नाही. आपेगाव-पैठणच्या मुलखातल्या कानाला ही जागा ओळखीची वाटेल. ज्ञानेश्वरीच्या ओवीत तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड आणि यमकाविना. पण ओवीचा चौथा चरण अर्थ पुरा करून टेकतो. ओवेनच्या ओळीपुढे नुसती टिंबं आहेत.